तक्रारीच्या रकान्यातला दयाळ

ताई, नमस्कार.

मी ६१ वर्षांचा, कोथरूडला राहतो. ३६ वर्षं बँकेत नोकरी करून गेल्या ऑक्टोबरात निवृत्त झालो. तब्येत ठीक, पेन्शन ठीक, मुलगी बंगळुरूला सुखात आहे. तरी दिवस जाता जात नाही. मुलीने मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि सांगितलं, ‘बाबा, रोज टेकडीवर जा, निसर्गात राहा, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा.’ नोव्हेंबरपासून रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातोय. खरं सांगू? मला काही होत नाही. सोबतची मंडळी सूर्योदयाचे फोटो काढतात, ‘वा, काय प्रसन्न वाटतंय’ म्हणतात. मी पावलं मोजतो आणि घरी येतो. आता तर वर नुसतं वाळकं गवत आणि धूळ आहे.

घरीही शांतता नाही. महिना झाला, पहाटे साडेचारला खिडकीबाहेर एक पक्षी शीळ घालायला लागतो. पातळ, तशी गोडच शीळ, पण एक सूर धरेल तर शपथ. दोन-तीनदा एक चाल, मग जरा थांबून दुसरी, मग भलतीच तिसरी. सहा वाजेपर्यंत हे चालतं. झोपेचं खोबरं. खाली गेटजवळच्या झाडाची पिवळी फुलं स्कूटरच्या सीटवर पडून राहतात, रोज फडकं मारावं लागतं. सौ.ला या कशाचं काही नाही. ती गॅलरीतल्या कुंड्यांशी तासभर बोलत असते. तिला हे सगळं न शिकता येतं.

माझ्यातच काही कमी आहे का? की ही आवड जन्मजातच असावी लागते?

– एक निवृत्त बँकवाला

---

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण पहिल्याच वाचनात एक गंमत लक्षात आली होती. टेकडीबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात टेकडी जवळजवळ नाहीच. पावलं आहेत, सोबतची मंडळी आहेत, त्यांचे फोटो आहेत. आणि पुढे जिथे तुम्ही वैतागून लिहायला लागलात, तिथे एकदम सगळं जिवंत झालं. ‘दोन-तीनदा एक चाल, मग जरा थांबून दुसरी, मग भलतीच तिसरी.’ हे वाक्य मी अधोरेखित केलं. कान देऊन ऐकल्याशिवाय असं वाक्य लिहिता येत नाही. रोज दीड तास, महिनाभर, तुम्ही एका पक्ष्याचं गाणं ऐकताय, त्याची मांडणी तुम्हाला पाठ झालीये, आणि मला विचारताय की माझ्यात काही कमी आहे का. नोंद तेवढी तक्रारीच्या रकान्यात पडलीये. चुकून दुसऱ्याच खात्यात जमा झालेली रक्कम कशी फिरवतात, ते तुम्हाला मी काय सांगायचं!

आधी सूर्योदयाचं बोलून टाकते. सूर्योदय बघून मला स्वतःला आजवर फार काही झालेलं नाही. सूर्य वर येतो, बरं दिसतं, चहाची आठवण होते. त्याचा फोटो काढून चार ग्रुपांवर पाठवणाऱ्यांविषयी माझं मत इथे लिहिलं तर सदराचे निम्मे वाचक तुटतील. तेव्हा टेकडीवर ‘वा’ म्हणता येत नाही म्हणून खट्टू होऊ नका. ‘वा’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना खरंच वाटत असतं, काहींना दुसऱ्याने म्हटलं म्हणून म्हणावं लागतं.

तुमच्या लेकीने मायेनेच सांगितलं, पण तिच्या वाक्यातला ‘शोधा’ हा शब्द मला खटकतो. तिसरीत असताना आम्हाला नारळाच्या करवंटीत मूग पेरायला सांगितले होते. वर्गात सगळ्यांत शेवटी माझे उगवले, कारण मोड आला का हे बघायला मी दिवसातून दोनदा माती उकरायचे. तुम्ही टेकडीवर तेच करताय. वर पोचलात की आत डोकावता, झालं का प्रसन्न? नाही झालं. बरं, उद्या बघू. बघण्यासारखं सगळं बाहेर आहे आणि तुमची नजर सारखी आत, आपल्याला काय वाटतंय त्याची पडताळणी करत. पहाटे साडेचारला तुम्ही चिडलेले असता, त्यामुळे ही पडताळणी करायची विसरता. म्हणून तर तो पक्षी नीट ऐकू आला.

आमच्या सासूबाई शेवटचे सात आठवडे एका दवाखान्यात होत्या. त्यांना निसर्गाची आवड आहे असं कोणी म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या. मंडईत कोथिंबिरीची जुडी पारखून घेणं, एवढाच त्यांचा झाडापाल्याशी संबंध. खाटेवरून खिडकीत एक मोठा पर्जन्यवृक्ष दिसायचा, आपण ज्याला रेन ट्री म्हणतो तो. त्याची पानं संध्याकाळी मिटतात, आभाळ गच्च भरून आलं तर दिवसाही मिटतात. चार-पाच दिवसांत त्या भिंतीवरचं घड्याळ बघेनाशा झाल्या. ‘पानं मिटायला लागली, तू नीघ आता, स्वारगेटला गर्दी होईल,’ म्हणायच्या. एकदा दुपारी तीनलाच म्हणाल्या, पानं मिटतायत. मी म्हटलं, आई, आत्ता कुठली संध्याकाळ! पाऊण तासाने वळीव कोसळला. त्या दिवशी त्यांनी ताक मागून घेतलं, आणि आलेल्या प्रत्येक नर्सला ही गोष्ट सांगितली.

नंतर माझ्या वाचनात आलं की याचा कुणी अभ्यासही केलाय. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडला होता. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, त्यांच्या २३ जोड्या लावलेल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं की झाडाकडे बघा आणि आनंद घ्या. त्यांना फक्त ती खाट मिळाली होती.

आता तुमच्या पक्ष्याकडे येऊ. न बघता छातीठोक सांगणं बरोबर नाही, पण तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की मी पैज लावायला तयार आहे. तो दयाळ असणार. कोकीळ असता तर तुम्ही ओळखलाच असता, त्याची कुहू चढत जाते पण चाल बदलत नाही. (जाता जाता सांगते, गातो तो कोकीळ, काळा, लालबुंद डोळ्यांचा. कोकिळा ठिपक्याठिपक्यांची असते आणि नुसती किक-किक-किक ओरडते. आपल्या कवितांनी तिला फुकटचं श्रेय दिलंय.) पावशा असता तर ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ करत चढ्या आवाजात त्याने तुमचं डोकंच उठवलं असतं. थांबून थांबून नवी चाल लावणारा, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करणारा, तो दयाळ.

दयाळ बुलबुलाएवढा असतो. नर वरून निळसर झाक असलेला काळा, पोट पांढरं, पंखावर एक पांढरा पट्टा, आणि शेपूट बहुतेक वेळा ऐटीत उभारलेली. जिथे त्याचा काळा, तिथे मादीचा करडा रंग. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्षी केलंय, तिकडे तो दोयेल. आपल्याकडे तो इतका अंगणातला आहे की कोणी वळून बघत नाही. साधारण मार्चपासून जुलैपर्यंत त्याचा विणीचा काळ. तेव्हा नर सगळ्यांत उंच जागा धरतो. पूर्वी ती आंब्याचा शेंडा असायची, आता अँटेना, केबलची तार किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी असते. तिथून तो जाहीर करतो की हा इलाखा माझा. पहाटे वारा पडलेला असतो, रहदारी नसते, आवाज लांब जातो. किडे टिपण्याएवढा उजेड अजून नसतो, म्हणजे दुसरं कामही नसतं. तुमच्या रस्त्यावरच्या दिव्यांमुळे त्याची पहाट जरा अलीकडे सरकली असेल, तर त्यात त्याचा दोष नाही. घरटं तो झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीतल्या भोकात करतो. जुन्या वाड्यांमध्ये अशा भोकांना तोटा नव्हता. कोथरूडात हल्ली दर तिसरी इमारत पुनर्विकासाला निघालीये, नव्या इमारतींना असली भोकं नसतात. तरी तुमच्या खिडकीबाहेर तो टिकून आहे, म्हणजे जवळपास एखादं जुनं झाड नक्की आहे.

तुम्ही एवढंच करा. उद्या साडेचारला जाग आली की कूस बदलत पडू नका. उठून चहा टाका, कप घेऊन गॅलरीत उभे राहा. अंधारात दिसणार काहीच नाही, नुसतं ऐका. साडेपाचच्या पुढे उजळायला लागलं की उंच जागा एकेक करून तपासा. पहिल्या दिवशी सापडला नाही तर चालेल. सापडला की तारीख, वेळ आणि जागा एका वहीत लिहून ठेवा. काय वाटलं ते लिहू नका. हे जरा ठासून सांगते, कारण हल्ली लोक वहीच्या पहिल्याच पानावर ‘आज मी कृतज्ञ आहे’ वगैरे लिहायला लागतात. तुम्ही ३६ वर्षं रोजचा हिशोब पैशापैशाने जुळवलेला माणूस. कोरडी, खरी नोंद तुमच्याइतकी चांगली कोण ठेवणार? किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कुठे बसला, दुसरा नर आला का. महिनाभरात तुम्हाला त्याची वेळापत्रकं कळतील, आणि एक दिवस तो पाच मिनिटं उशिरा सुरू झाला तर तुम्ही खिडकीशी जाऊन उभे राहाल. पावसाळा भरात आला की हा बाबा हळूहळू गप्प होतो, नुसता बारीकसा आवाज काढत फिरतो. ऑगस्टमधल्या एखाद्या पहाटे तुम्हाला छान झोप लागेल आणि उठल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटेल, तेव्हा मला कळवा.

दुसरी तक्रार स्कूटरवरच्या पिवळ्या फुलांची. एप्रिलच्या शेवटी पिवळी फुलं म्हटलं की लोक बहावा म्हणून मोकळे होतात. तुमचा बहावा नसावा, सोनमोहर असावा. बहाव्याची फुलं द्राक्षांच्या घोसासारखी खाली लोंबतात. सोनमोहराचे तुरे वर, आभाळाकडे उभे असतात, कळ्यांवर गंजासारखी तपकिरी लव असते, आणि पाकळ्या इस्त्री विसरलेल्या कापडासारख्या चुरगळलेल्या. फुलं सरली की झाडभर तांब्याच्या रंगाच्या चपट्या शेंगा धरतात, म्हणून त्याला ताम्रशेंगही म्हणतात. पुण्याच्या रस्त्यांवर हा भरपूर लावलेला आहे. मूळचा इथला नव्हे, श्रीलंका आणि आग्नेय आशियाकडचा. गुलमोहर तरी कुठे इथला आहे, तो मादागास्करचा. माझे एक परिचित परदेशी झाडांवर इतके चिडतात की मे महिन्यात गुलमोहराखालून छत्री उघडून जातील. मला सीटवर पडलेल्या फुलांवर राग धरता येत नाही. फडकं मारण्याआधी एक फूल उचलून उजेडात धरून बघा, बहावा की सोनमोहर ते ठरवा, मग खुशाल पुसा.

तुम्हाला आकड्यांचं वावडं नाही, उलट ते तुमचं घर आहे. म्हणून हे पुढचं खास तुमच्यासाठी, आणि सगळ्यांत मन लावून करायचं. पाऊस मोजा.

हसू नका. जून-जुलैत आपण पुणेकर कसे वागतो बघा. वर्षभर ज्या मुठेकडे नाक मुरडून बघत नाही, तिच्या पुलावर स्कूटर लावून कठड्यावरून वाकतो. भिडे पूल पाण्याखाली गेला का, खडकवासल्यातून किती क्युसेकने सोडलंय, चार धरणं मिळून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झालं, पूर्ण भरायला लागणाऱ्या २९ला अजून किती कमी आहे, हे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही नावं आपण नातेवाइकांसारखी घेतो. या शहराला निसर्ग आकड्यांतून लवकर जवळचा होतो, त्यात कमीपणा काही नाही. घड्याळातली पावलंही आकडेच, पण ती तुमच्याविषयी आहेत. पावसाचा आकडा पावसाविषयी असतो.

घरात सरळ कडांची एखादी काचेची बरणी बघा, तोंडाशी आणि तळाशी सारखीच रुंद असलेली. गच्चीवर उघड्यावर ठेवा, टाकीच्या आणि कठड्याच्या आडोशाला नको, आणि ती उलटणार नाही अशी दोन विटांमध्ये बसवा. तळ आतून सपाट नसेल तर आधी थोडं पाणी घालून तिथे खूण करा आणि तिथून वर मोजा. रोज सकाळी साडेआठला शाळेतली पट्टी लावून पाणी किती मिलिमीटर चढलं ते बघा, लिहा, बरणी पुन्हा खुणेवर आणा. साडेआठच का, तर हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. मग पेपरातला शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा शेजारी लिहा. या खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. बसचे कंडक्टर चौकाचं नाव तसंच पुकारतात, आणि बसमधल्या निम्म्या लोकांना ते का हे माहीत नसतं.

तुमचा आकडा आणि शिवाजीनगरचा आकडा जुळणार नाहीत. तिथेच गंमत सुरू होते. पाऊस सह्याद्रीकडून आपल्याकडे येतो तो रिता होत होत. ताम्हिणीला मोसमात हजारो मिलिमीटर, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि पुढे दौंडकडे त्याहून कमी. शहरातसुद्धा एकाच संध्याकाळी कोथरूडला रस्त्यातून ओढा वाहतो आणि हडपसरचा माणूस फोनवर विचारतो, कसला पाऊस? तुमच्याकडे त्याला द्यायला आकडा असेल. आणखी एक हिशोब सांगते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. तुमच्या इमारतीची गच्ची ३०० चौरस मीटरची धरली, तर २० मिलिमीटरच्या एका सरीत तिच्यावर ६,००० लिटर पडतात. मेमध्ये टँकरचं बिल भरणाऱ्या सोसायटीच्या सभेत हे वाक्य टाकून बघा.

बरणीला अजून सव्वा-दीड महिना आहे. मधल्या काळात एक वळीव येईलच, तेव्हा मातीचा वास येईल. मातीतले सूक्ष्म जिवाणू जिओस्मिन नावाचं एक द्रव्य तयार करतात, त्या वासात त्याचा मोठा वाटा असतो, आणि माणसाचं नाक त्याच्या बाबतीत फार तिखट आहे. कनौजला तर या वासाचं अत्तर काढतात. त्याबद्दल वेगळं काही करायला सांगत नाही, खिडक्या तेवढ्या लावून घेण्याची घाई करू नका.

आणि १३ मेच्या आसपास दुपारी बारा एकतीसला गच्चीवर जा, डोक्याला रुमाल बांधून. त्या दिवशी पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभा ठेवलेला स्टीलचा पेला घ्या, त्याची सावली त्याच्याच खाली नाहीशी झालेली दिसेल. बाराला न होता एकतीस मिनिटं उशिरा का, याचं उत्तर घड्याळात आहे. आपलं घड्याळ पार प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशावर चालतं आणि सूर्य तिथून आपल्याकडे यायला वेळ घेतो. वर्षात असा दिवस दोनदा येतो, पण दुसरा जुलैच्या शेवटी, तेव्हा ढगांमुळे सूर्य दिसेल याचा भरवसा नाही. मी गेल्या वर्षी हे बघायला गेले आणि शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर पाय दिला. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

टेकडीचं काय करायचं? सोडू नका, पण आठवड्यातून दोन दिवस ते घड्याळ घरी ठेवून जा. खाणीच्या अलीकडे-पलीकडे कुठलंही एक झाड धरा, त्याच्याखाली दहा मिनिटं बसा आणि परत या. तेच झाड दर वेळी. टेकडी आत्ता वाळलेली आहे हे तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे, एप्रिलमध्ये ती तशीच असते आणि तिला हिरवी समजून बघायची काही गरज नाही. मृग लागला, दोन सरी झाल्या, की त्याच धुळीत मखमली लाल किडे फिरताना दिसतील, आपण ज्यांना मृगाचे किडे म्हणतो ते. मोर ओरडायला लागतील. श्रावण-भाद्रपदात तेरडा फुलेल. हे सगळं नोव्हेंबरात टेकडी चढायला लागलेल्या माणसाने अजून बघितलेलंच नाही. तुम्ही गेल्या पावसाळ्यात बँकेत होतात.

वर भेटणाऱ्यांत फोटोवाले सोडून आणखी एक जात असते. गळ्यात दुर्बीण अडकवलेले, नाहीतर वाळक्या फांदीकडे बघत दहा मिनिटं उभे राहणारे. हे लोक दिसायला तिरसट असतात, पण ‘हे काय आहे हो?’ एवढं विचारलं की बोलायचे थांबत नाहीत. एखाद्याशी ओळख करून घ्या. झाडाचं नाव माहीत झालं की ते झाड गर्दीतून वेगळं होतं, जसा तुमच्या काउंटरसमोरच्या रांगेतला ओळखीचा खातेदार व्हायचा.

एक गोष्ट मात्र मी हलक्यात घेणार नाही. साडेचारला जाग येते ती पक्ष्यामुळे, की जाग आधी येते आणि मग पक्षी ऐकू येतो? निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात बऱ्याच जणांचं मन खचतं. जेवणाची चव गेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीसुद्धा नकोशा झाल्या असतील, दिवसभर अंगात जड वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. ते म्हणाले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यासाठी औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. दयाळाच्या भरवशावर ते टाळू नका. मनातल्या मनात आपलं आयुष्य संपवावंसं वाटत असेल, तर या पत्राचं उरलेलं नंतर वाचा, आत्ता घरात बोला आणि आजच डॉक्टर गाठा. तुमच्या पत्रातली चीड वाचून मला तसं वाटलं नाही, पण पत्रावरून सगळं कळत नाही.

राहता राहिल्या वहिनी. त्यांना हे ‘न शिकता येतं’ असं तुम्ही लिहिलंय. मला शंका आहे. तासभर कुंड्यांशी बोलणाऱ्या बाईने वीस वर्षं कुंड्या जळवल्या असतील, मोगऱ्याला पाणी जास्त घालून मारलं असेल, कढीपत्त्यावरच्या अळ्या आधी चिमट्याने काढून टाकल्या असतील आणि मग कधीतरी त्यांचं फुलपाखरू होताना बघून एक फांदी त्यांना सोडून दिली असेल. तुम्ही तेव्हा ऑफिसात होतात, म्हणून दिसलं नाही. त्यांना एकदा विचारा, कोणती कुंडी सगळ्यांत जुनी? आणि त्या सांगत असताना मनगटाकडे बघू नका.

पुढच्या पत्रात प्रसन्न वाटतंय की नाही हे मला कळवायची गरज नाही. दयाळ कुठे बसतो ते लिहा, अँटेनावर की टाकीवर. आणि पहाटे गॅलरीत जाल तेव्हा दोन कप चहा टाका. तुम्ही महिनाभर त्या पक्ष्याला नावं ठेवताय. वहिनींनी त्याला एव्हाना नाव ठेवलेलं असेल, असा माझा अंदाज आहे. कोणतं, तेही कळवा.